बाग्योची लूत

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवायचा नाही. नका ठेवू. मागं हेच मी एका पाद्रीबाबाला सांगितलं, तर त्यानं गोष्ट अर्ध्यावर थांबवून मला पापकबुलीला बसवलं. तुम्ही कापणीला आलेली परगावची माणसं. तुमचं भात अजून दवानं ओलं आहे, मळणीचं यंत्र दुपारशिवाय काही येत नाही. तेव्हा माडी ओतून घ्या आणि ऐका.

आणि ती बघा, खांबाला टेकून खारवलेली लाल अंडी विकायला बसलीय ना, ती याच गावची. तिला यातलं सगळं ठाऊक आहे. म्हणून तिला आधीच हात जोडून सांगतो, बाई, तू मधे बोलायचं नाहीस. तू तुझी अंडी विक.

तर त्या साली ऊन असं होतं की दामियानाची बदकं अंडी घालायची ती अर्धवट उकडलेली. हसताय कशाला? शेतं कापून झालेली, जमिनीला अशा भेगा गेलेल्या की कोलासची पेटती विडी एका भेगेत पडली, तर धूर निघाला पलीकडच्या माणसाच्या शेतातून. कालवा कोरडा. तळाशी हिरवट चिखल तेवढा उरला होता. बदकं त्यात चोची खुपसून गोगलगाई शोधायची आणि वर मान काढली की त्यांच्या चोचीवरचा चिखल तिथल्या तिथं वाळून भांड्यासारखा कडक व्हायचा.

दामियाना ही बदकांमागं हिंडणारी बाई. जिथलं भात कापून झालं तिथं कळप न्यायचा, सांडलेले दाणे आणि गोगलगाई बदकांना खाऊ द्यायच्या, दिवस कलला की बांबूच्या चटयांचं गोल कुंपण उभं करून त्यात त्यांना कोंडायचं. सकाळी अंडी गोळा करून नदीकाठच्या उबवणीवाल्याला घालायची. सारा गाव तिला मानांग म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. नवरा समोरच्या बेटावर, नेग्रोसला, ऊस तोडायला गेला तो तिकडचाच झाला. मागं राहिली बदकं आणि नवऱ्याचा भाऊ कोलास. त्यातली बदकं उपयोगाची होती.

आणि एक कुत्रा. ज्या मोठ्या वादळात चर्चचं छप्पर उडून नदीपलीकडच्या डुकरांच्या गोठ्यावर नीट बसलं, त्या वादळाच्या सकाळी दामियानाला नारळाच्या पडलेल्या झावळीत एक पिल्लू अडकलेलं सापडलं. वादळानं आणून टाकलं म्हणून त्याचं नाव बाग्यो. बाग्यो म्हणजे वादळच. त्याच्या आधी दर आठवड्याला घोरपड एखादं बदक ओढून न्यायची, आणि घोरपडीनं नाही नेलं तर दोन पायांची घोरपड पोतं घेऊन यायची. बाग्यो मोठा झाला आणि कुंपणाच्या आत, बदकांच्या ऐन मधे झोपायला लागला. त्यानंतर कळपातलं पीस हललं नाही. घोरपडी त्याला एवढ्या भ्यायच्या की नदीत आंघोळीला जातानासुद्धा लांबच्या वाटेनं जायच्या.

अशा कुत्र्याला लूत लागली.

आधी कानाची टोकं पांढुरकी झाली. मग डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखं केस गेले. मग कोपरं, पोट, शेपटीचं बूड. चैत्राचं ऊन चढता चढता त्याच्या अंगावर एक केस राहिला नाही. कातडं जाड, राखाडी, सुकवायला टाकलेल्या माशासारखं, आणि खाजवून खाजवून त्यातून लस वाहायची. खाजवताना त्याचा पाय कुंपणाच्या बांबूवर आपटायचा, टक, टक, टक. येणारीजाणारी माणसं आत डोकावून विचारायची, सुतार लावलाय काय कामाला?

असाच एका सकाळी डोकावला कापितान रुफो. कापितान म्हणजे आमच्या गावचा मुखिया. पोटानं गोल, मनानं वाईट नाही. दामियाना कुंपणात वाकून अंडी वेचत होती. कापितानानं नाकाला रुमाल लावला.

"मानांग, ह्ये काय हाय?"

"कुत्रं."

"कुत्रं? मला वाटलं कुनी डुक्कर सोलून ठिवलंय."

"सोललेलं डुक्कर बघितलं की तुमची लाळ गळती, कापितान. रुमाल नाकाला कशाला, तोंडाला लावा."

कापितान हसला, पण जागचा हलला नाही. म्हणाला, "तू माज्या धाकट्या लेकीची धर्माची आई. बाप्तिस्म्याला तूच तिला हातात धरली. तुला वाकडं बोलायचं माज्या जिवावर येतं."

"मग नका बोलू."

"बोलाय लागतंय. सान इसिद्रोची मिरवनूक आली. तालुक्याची मानसं येनार हायेत, सगळ्यात स्वच्छ गाव कोंचं त्ये बघाय. संताची मूर्ती फुडं, मागं सजिवल्याले रेडे, आन रेड्यांच्या मागनं ह्ये लस गाळत चाललंय, आसं दिसलं तर? मागल्या साली आपुन चर्चमागच्या डबक्यापायी हुकलो. औंदा कुत्र्यापायी हुकायचो."

"हुकलो तर हुकलो. काय सोन्याची खुर्ची मिळनार हाय?"

"पान्याचा पंप हाय बक्षीस," कापितान म्हणाला.

दामियानाच्या हातातलं अंडं हातातच राहिलं. कालवा तिला दिसत होता. त्यातला चिखल रोज वीतभर आत सरकत होता, बदकं रोज थोडी बारीक होत होती आणि अंडी कमी देत होती. पंप आला तर त्या पाण्यातलं थोडं तिच्याही वाट्याला येणार होतं. कापितान खोटं बोलत नव्हता, हेच तिला झोंबलं.

"गावातली समदी लुतरी कुत्री धरून न्यायची ठरलीया," तो पायानं ढेकूळ फोडत म्हणाला. "लेकरांना चावतील, रोग फैलावतील, तालुक्यानंच सांगितलंय. तुज्या कुत्र्याला मी मिरवनुकीच्या आदल्या दिसापतुर सोडतो. तवर अंगावर केस दिसलं तर ऱ्हाऊ दे बिचारं."

"आन न्हाई दिसलं तर?"

"तर मानांग, तू त्या दिशी तालुक्याला अंडी घिऊन जा. घरी थांबू नगंस."

तो गेला. बाग्यो उठला, त्याच्या मागं कुंपणापर्यंत गेला आणि शेपूट हलवत उभा राहिला. शेपटीला केस नसले की ती हलताना दोरीसारखी दिसते.

दामियाना दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेली. जनावरांच्या औषधाच्या दुकानात पंख्याखाली एक तरुण बसला होता. तिनं कुत्र्याचं सगळं वर्णन केलं. त्यानं फडताळातून हिरव्या झाकणाची एक बाटली काढून ठेवली. ती सुईनं टोचायची, आठवड्याच्या अंतरानं, बरं वाटेपर्यंत. किंमत ऐकून दामियाना हसली. तेवढ्यात तिच्या घरी पावसाळा लागेपर्यंतचा तांदूळ आला असता.

"काकी, हेच चालतं त्याला," तरुण म्हणाला.

"आसं कर बाळा, अर्ध्या कुत्र्याचं दे. मागच्या अर्ध्याचं फुडल्या म्हयन्यात नेते."

दुकानात म्हशीच्या जंताचं औषध घ्यायला आलेला एक म्हातारा होता, तो खोकला येईपर्यंत हसला. तरुणाला हसू आलं नाही. त्यानं बाटली परत ठेवली आणि कागदात गंधकाची पुडी बांधून दिली. "खोबरेलात खलून लावा," म्हणाला, "पण रोज लावायला पाहिजे. आणि धीर धरायला पाहिजे."

धीर फुकट मिळत असल्यासारखं बोलला तो.

तेव्हापासून दामियानाचा एक नेम झाला. सकाळी अंडी वेचून झाली की बांधावरच्या गिरिपुष्पाच्या फांद्या ओरबाडायच्या, रॉकेलच्या जुन्या डब्यात पाला उकळायचा, ते हिरवं काळपट पाणी निवलं की नारळाच्या काथ्यानं बाग्योला घासून धुवायचं. मग गंधक आणि खोबरेल. त्या पाल्याचा वास ठाऊक आहे ना तुम्हाला? गावातले डास बाडबिस्तरा घेऊन शेजारच्या गावी राहायला गेले. तिथला कापितान भांडायला आला होता.

बाग्यो मात्र उभा राहायचा. पहिल्या दिवशी थरथरला, एकदा दात दाखवले, मग डोकं तिच्या गुडघ्याला टेकून गप्प उभा राहायला शिकला. ती घासता घासता त्याच्याशी बोलायची. "तुला कुठं ल्येका लगीन करायचंय? थोडं केस आन बास. कापितानाच्या डोक्यावर हायेत तेवढं आलं तरी चालंल." बाग्यो तिचा हात चाटायचा. चाटायची खोडच होती त्याला. हात, पाय, अंडी, बदकांच्या पाठी, समोर येईल ते चाटायचा.

आणि हे खरं सांगतो, गुण येत होता. खपल्या गळायला लागल्या. लस वाळली. टक टक कमी झालं. एका सकाळी दामियानाला त्याच्या डाव्या कानामागं बोटाला काहीतरी मऊ लागलं. तिनं त्याला उजेडात ओढला. केळफुलाच्या आतल्या पाकळीवर असते तसली लव. बाकी सगळं अंग भाजलेल्या वांग्यासारखं, पण कानामागं लव होती. तिनं त्या दिवशी बदकांना दुपारपर्यंत कुंपणातून सोडलंच नाही. नुसती त्या कानाकडं बघत बसली.

पण लव वाढते आपल्या चालीनं, आणि मिरवणूक येत होती तिच्या चालीनं.

गावात बांबूच्या कमानी उभ्या राहिल्या. चर्चमागचं डबकं बुजवलं. घराघरांच्या कुंपणाला चुना लागला. आणि कुत्री धरायला सुरुवात झाली. दामियाना अंड्यांची टोपली घेऊन येत होती, तेव्हा वडाखालून कापितानाची माणसं पोतं खांद्यावर टाकून चाललेली दिसली. न्हाव्याचं पांढरं कुत्रं होतं त्यात. त्याला लूतसुद्धा धड नव्हती, कमरेवर एक डाग होता. पोतं आतून हलत होतं. पोतं नेणारा माणूस ओळखीचा, त्यानं अदबीनं वाट दिली. "मानांग, जा फुडं," म्हणाला. ती पुढं गेली. नदीच्या वळणापर्यंत तिनं मागं बघितलं नाही, आणि वळणावर बघितलं तेव्हा तो माणूस पोतं पाण्यात धरून उभा होता, कापड भिजवताना उभं राहावं तसा.

घरी आली तर कोलास ओट्यावर बसून तिचीच अंडी खात होता. त्याच्याकडं पॉवर टिलर होता. गावची शेतं भाड्यानं नांगरून द्यायचा, म्हणजे तो टिलर चालू व्हायचा त्या दिवशी. हा टिलर एवढा धूर काढायचा की एकदा विमानानं त्याला ढग समजून वळसा घातला.

"वैनी, तू येडी हायेस," तो म्हणाला. "पाला उकळतीया, काथ्यानं घासतीया. काळं ऑइल लाव की. माज्या टिलरचं डबाभर पडलंय. येकदा चोळलं की लुतीचा बाप मरतो."

"त्याला चाटायची खोड हाय, कोलास."

"चाटंल की. कडू लागंल, परत न्हाई चाटनार. आख्खा गाव लावतो. आमच्या बाच्या कुत्र्याला लावलं हुतं, कसलं चकचकीत केस आलं!"

"त्ये कुत्रं कुठं हाय?"

"ट्रकखाली गेलं."

"बघ."

"पर केसासकट गेलं ना!" कोलास म्हणाला. "आन दुसरी गोस्ट ऐक. केस नसलं तरी काळं ऑइल लावल्यालं कुत्रं लांबनं काळंभोर दिसतं. तालुक्याची मानसं काय हात लावून बघनार हायेत?"

दामियानानं टोपली खाली ठेवली. ते पोतं तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. मिरवणूक परवावर आली होती. उद्या कापितान यायचा होता. तिनं बाग्योच्या कानामागं पुन्हा बोट फिरवलं. होती तेवढीच लव होती, नखाएवढी. लांबून दिसण्यासारखी नव्हती.

आता पुढचं नीट ऐका. हे ऑइल दामियानानं लावलं नाही. ती टोपली उचलून उबवणीवाल्याकडं निघून गेली, आणि तिच्या मागं कोलासनं तो डबा आणला. हो, कोलासनंच. त्यानं बाग्योला फणसाखाली घेतलं, आधी पाठीवर ओतलं, मग मानेवर, मग उताणं करून पोटावर, पायांच्या मधे, बोटांच्या बेचक्यांत, जिथं जिथं लाल होतं तिथं तिथं तळहातानं जिरवलं. कानामागं चोळताना जरा थांबला, तिथं लव होती ना. मग तिथंही चोळलं. कुत्रा हलला नाही. डोकं गुडघ्याला टेकून उभा राहिला, आणि मधेच त्यानं हात चाटला. जीभ काळी झाली त्याची.

दामियाना परत आली आणि तिनं काय केलं विचारा. बांबू घेऊन कोलासला अशी झोडपत सुटली की तो पळता पळता नदी ओलांडून गेला आणि पलीकडं गेल्यावर त्याला आठवलं की आपल्याला पोहता येत नाही. हां, हसा. हसायचीच गोष्ट आहे.

त्या रात्री बाग्यो नेहमीसारखा कुंपणात, बदकांच्या मधे झोपला. केस नसलेल्या कुत्र्याचं अंग तव्यासारखं ऊबदार लागतं. तो बिनकेसाचा झाल्यापासून बदकं त्याला आणखीच चिकटून बसायची, काही तर त्याच्या पोटाखाली शिरायची. त्या रात्रीही तशीच बसली. आणि बदक म्हणजे काय, स्वस्थ बसणारं जनावर नाही. पिसाला काही लागलं की चोचीनं पुसायचं, चोचीचं दुसऱ्या पिसाला लागायचं, ते पुन्हा पुसायचं. सकाळपर्यंत सगळा कळप आपल्या हातानं आपल्याला ते काळं फासत होता. दामियानानं सकाळी बघितलं, तर पांढऱ्या बदकांच्या पोटावर काळे ओघळ. तिला वाटलं, चिखल असेल. पाण्यात गेली की धुऊन निघेल.

आणि त्याच सकाळी कालव्याला पाणी सोडलं. मिरवणुकीत गाव हिरवंगार दिसावं म्हणून कापितानानं वरच्या धरणवाल्यांच्या पाया पडून एका दिवसाचं पाणी मागून घेतलं होतं. पाण्याचा आवाज आधी बदकांना ऐकू आला. कित्येक महिन्यांनी ऐकलेला आवाज तो. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. दामियाना चटई सोडते न सोडते तोच ती तिच्या पायांवरून, एकमेकांच्या पाठींवरून, पंख पसरून, ओरडत पळत सुटली. लग्नघरात जेवायला बसा म्हटल्यावर माणसं पळतात तशी. दामियाना हसली. त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा मनापासून हसली.

पुढची बदकं पाण्यात पडली. मागची त्यांच्यावर पडली.

बदक पाण्यावर कशामुळं तरंगतं, सांगा बघू. पिसांवर पाणी ठरत नाही म्हणून. काळं ऑइल लागलं की ठरतं. पिसं पाणी पितात, चिंधीसारखी. बदकं खाली बसायला लागली. आधी शेपट्या गेल्या, मग पाठी. नुसत्या माना वर राहिल्या, पाण्यातून उगवल्यासारख्या, आणि त्या माना इकडंतिकडं बघत होत्या. त्यांना काही कळत नव्हतं. पाण्यानं त्यांना असं कधी केलं नव्हतं. मग मानाही जायला लागल्या. ओरड कमी होत गेली. जन्मभर पाण्यात राहिलेलं जनावर पाण्यात बुडताना बघायचं म्हणजे... माडी ओता जरा.

दामियाना गळ्यापर्यंत पाण्यात उतरली. हाताला लागेल ते बदक काठावर भिरकवायला लागली. पण तिच्या आधी बाग्यो पडला होता पाण्यात.

आणि इथून पुढं तुम्ही कुणी विश्वास ठेवायचा नाही. त्या कुत्र्यानं सगळी बदकं काढली. सगळी! एकेक तोंडात धरून आणली, घाई झाली तेव्हा दोन दोन आणली, एकदा तर एक तोंडात, एक पाठीवर आणि एक शेपटीला धरून. तळाला गेलेल्यांसाठी बुडी मारायचा, ती एवढी लांब की कालव्याच्या पलीकडच्या तोंडाला निघायचा आणि रस्त्यानं पळत परत यायचा. काठावर त्यानं बदकं रांगेत मांडली आणि एकेकाच्या पोटावर पाय देऊन पाणी काढलं, आमच्या सुईणीनं बघितलंय. बदकं उठली, शिंकली, आणि जागच्या जागी एकेक अंडं घातलं. काळी अंडी!

तेवढ्यात कापितान तालुक्याच्या माणसांना घेऊन आला. त्यांच्या साहेबानं विचारलं, "हे कुत्रं कोणाचं?" दामियाना म्हणाली, "माजं." तेव्हा बाग्यो उन्हात उभा होता, ओला, काळाभोर, चकचकीत. साहेबानं टोपी काढली. म्हणाला, "आम्ही गाव बघायला आलो होतो, पण बक्षीस या कुत्र्याला." दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत सान इसिद्रोच्याही पुढं बाग्यो, गळ्यात जास्वंदीची माळ, आणि पंप बैलगाडीत घालून त्याच्या मागं. त्या पंपाचं पाणी आजसुद्धा...

"आजोबा," तुमच्यातला हा टोपीवाला विचारतोय बघा, "मग ते कुत्रं आता कुठाय?"

आता? आता काय, त्याला केस आले, असे केस की मेंढी समजून लोक बोली लावायला यायचे. मग त्याला तालुक्यानं नोकरीला घेतलं, आता तो शेजारच्या बेटावर...

"खोटं."

अगं बाई, तुला म्हटलं ना मी, मधे बोलायचं नाही. अंडी विक.

"अंडी इकून झाली. पुरं कर आता, बास्यो. कुत्रं गिरिपुष्पाखाली हाय. म्याच पुरलंय. येवढं खरं हाय की त्यो पान्यात पडला. धा-पाच बदकं काढली त्यानं, तोंडात धरून, आन दर येका बदकाबरूबर त्ये काळं त्याच्या पोटात गेलं. बाकीची बदकं गेली. मिरवनुकीचे ढोल वाजत हुते तवा त्यो माज्या ओट्यावर तोंडातनं फेस काढत पडला हुता. तालुक्याची मानसं आलीच न्हाईत, त्यांची गाडी नदीपल्याडच्या गावाकडं वळली. कापितान आला येकटाच. कुत्र्याकडं बघितलं, आन टोपी काढून बसला घडीभर. पंप न्हाई आन काय न्हाई."

दामियाना, जाऊ दे. परकी माणसं आहेत.

"म्हनून तर सांगतीया. कोलासला झोडपलं म्हनतोस, गावभर सांगत फिरतोस. दर साली त्याच्या डोक्यावर घालतोस, माजी कीव येती म्हनून. कोलासनं डबा आनून ठिवला, आन टिलर घिऊन शेतावर गेला. अंडी घिऊन मी कुठंबी गेले न्हवते. ऑइल मी लावलं. पाठीवर, पोटाखाली, बोटांच्या बेचक्यांत. कानामागं लव हुती, तिथंबी. आन त्यानं हात चाटला त्यो माजा, बास्यो. कोलासचा न्हाई. माजा."